रद्द कुणी केलं?

(दृश्य: मनगटावरचा प्लास्टिकचा पट्टा. भिंतीवरचं घड्याळ.)

रात्री बारापासून पोटात पाण्याचा थेंब नाही. सकाळी सहाला भरती, सातला हिरवा गाऊन, हाताला सलाईनची सुई. साडेआठला भूलतज्ज्ञ येतात, रक्तदाब बघतात. १८४ आणि ११२. दहा मिनिटं थांबून पुन्हा बघतात. फरक नाही. ‘आज नको,’ म्हणतात आणि फाईलमध्ये एक ओळ लिहितात.

निर्णय बरोबरच आहे. रक्तदाब १८०/११० च्या वर गेला, तर घाईची नसलेली शस्त्रक्रिया सहसा पुढे ढकलतात. सुई निघते, कात्रीने पट्टा कापला जातो. तासाभराने तोच माणूस आपल्या कपड्यांत बिलिंगच्या काउंटरवर उभा असतो. आगाऊ भरलेले पैसे परत हवे आहेत.

(दृश्य: काउंटरची काच, मागे फायलींचा गठ्ठा.)

अशा शस्त्रक्रियेला इलेक्टिव्ह म्हणतात. मराठीत त्याचं ‘ऐच्छिक’ झालं आणि घोळ झाला. मोतीबिंदू, हर्निया, झिजलेला गुडघा यांची शस्त्रक्रिया कुणी हौस म्हणून करून घेत नाही. तारीख ठरवायला सवड आहे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. काउंटरवर मात्र तो भलताच ऐकू येतो: इच्छा तुमची होती, मागे तुम्हीच फिरलात.

भरलेली रक्कम एक असते, पण तिला वाटा अनेक फुटतात. खोली, ऑपरेशन थिएटरची वेळ, सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, तपासण्या, इम्प्लांट म्हणजे शरीरात बसवायची लेन्स किंवा सांधा. रक्त तपासून झालं, त्याचे पैसे गेले. त्यावर कुणी भांडत नाही, भांडूही नये. सीलबंद पाकिटातली लेन्स पुरवठादाराकडे परत जाऊ शकते, एखाद्याच्या मापाने बनवून घेतलेला सांधा दुसऱ्या कुणाला बसणार नाही. थिएटरची वेळ पंधरा दिवस आधी सोडली तर दुसरा रुग्ण मिळतो. त्याच सकाळी सोडली तर टेबल रिकामं राहतं आणि पगारावरची माणसं बसून राहतात. रुग्णालयाचं नुकसान होतच नाही, असं म्हणणं खोटेपणाचं ठरेल.

खटका उडतो तो कपात या हिशेबाने न होता सरसकट पॅकेजवर टक्केवारीने होते तेव्हा. पॅकेजमध्ये कशाचे किती, हे मुळात लिहिलेलंच नसतं. मग कापले ते कशाचे, हे विचारणार कसं?

(दृश्य: संगणकाचा पडदा. ‘रद्द करणारा’ असा रकाना.)

आणि सगळं येऊन अडतं ते या रकान्यात. रुग्णाकडून की रुग्णालयाकडून? तिसरा पर्याय, वैद्यकीय कारण, काही ठिकाणी असतो, काही ठिकाणी नसतो. नसला तर वाढलेल्या रक्तदाबाचा धनी रुग्णच ठरतो. २०२० साली कोरोनाच्या साथीत जगभर अशा शस्त्रक्रिया थांबवल्या गेल्या, तेव्हा या दोन्ही पर्यायांत न बसणारे रुग्ण एकदम समोर आले. पैसे राहू द्या, नवी तारीख देतो, हे वाक्यही अशा वेळी कानावर पडतं. पण तारीख म्हणजे परतावा नव्हे. कर्ज काढून पैसे भरले असतील, तर शस्त्रक्रिया न होताही हप्ता सुरूच राहतो.

(दृश्य: टेबलावर शेजारी शेजारी दोन कागद.)

आता हे दोन कागद बघा. डावीकडे संमतीपत्र. संमती कधीही मागे घेता येते, अगदी भूल देण्याच्या क्षणापर्यंत. वैद्यकीय नीतीचा हा पायाच आहे. उजवीकडे पावती. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत: ऐनवेळी रद्द केल्यास रक्कम परत मिळणार नाही. दोन्हींवर सही एकाच माणसाची, बहुधा एकाच पेनाने. थिएटरच्या दारात त्याला ‘नको’ म्हणावंसं वाटलं आणि भरलेले पैसे आठवून तो गप्प राहिला, तर त्या संमतीला संमती म्हणायचं का?

सौंदर्यशस्त्रक्रियेपुरतं काही देशांनी यावर उत्तर शोधलंय. फ्रान्समध्ये खर्चाचं अंदाजपत्रक हातात दिल्यापासून १५ दिवस शस्त्रक्रिया करता येत नाही. त्या काळात तपासणीची फी सोडून एकही पैसा घेता येत नाही. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून संमती दिल्यावर किमान ७ दिवस जाऊ द्यावे लागतात. त्याआधी ना तारीख ठरवता येते, ना अनामत घेता येते. आधी विचार, मग पैसे. गुडघ्याच्या किंवा हर्नियाच्या रुग्णाला हा क्रम का नको, याचं पटेल असं कारण मला तरी सापडलेलं नाही.

(दृश्य: पुन्हा काउंटर.)

आपला माणूस अजून तिथेच आहे. त्याने आवाज चढवलेला नाही. फाईलमधल्या एका पानाची प्रत तेवढी मागितली आहे. पानावर घाईच्या अक्षरात लिहिलंय: ‘रक्तदाब जास्त. शस्त्रक्रिया पुढे ढकलली.’ खाली वेळ, ८.४०, आणि सही. पडद्यावर मात्र ‘रुग्णाकडून रद्द’.

क्लार्क कागद बघतो, पडदा बघतो. मग फोन उचलून वरिष्ठांचा नंबर फिरवतो.