अतिमानवाला घर लहान पडायला हवं

(चित्रपटप्रेमींच्या एका बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. विषय तुम्हाला आधीच कळलेला आहे: ‘द इन्क्रेडिबल्स’ आणि ‘इन्क्रेडिबल्स २’. पहिला २००४ चा, दुसरा २०१८ चा. दोन्ही पिक्सार या अ‍ॅनिमेशन स्टुडिओचे, अचाट शक्ती असलेल्या एका कुटुंबाचे, दोन्हींचा लेखक-दिग्दर्शक ब्रॅड बर्ड. तुम्ही दोन्ही पाहिलेत असं धरून चालतो, गोष्ट सांगत बसत नाही. बऱ्याच जणांनी पहिला हिंदीत पाहिला असेल, ‘हम हैं लाजवाब’ या नावाने. त्यात बापाला आवाज शाहरुख खानचा आणि धावऱ्या पोराला त्याच्याच मुलाचा, आर्यनचा. बाप पोराला रागावतो तेव्हा खरोखरचा बाप रागावतोय हे कानाला कळतं. दुसऱ्या भागात आईचा आवाज काजोलचा. कुणी ऐकलाय? हात वर करा. चला, मागच्या रांगेत बरेच आहेत, म्हणजे नातवंडांनी कामगिरी बजावलेली दिसते.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. सुपरहिरोचं हसू येतं ते त्याची ताकद मावायला जागा नसते तेव्हा. पहिल्या सिनेमाला हे पक्कं ठाऊक होतं. दुसरा ते अर्धा वेळ विसरतो.

या कुटुंबातला बाप, बॉब पार आठवा. एके काळचा मिस्टर इन्क्रेडिबल. इमारतीवरून उडी टाकलेल्या माणसाला त्याने वाचवलं, तर त्या माणसानेच दावा ठोकला, की मला वाचवा असं मी म्हटलं होतं का? मग आगगाडीतले जखमी प्रवासी कोर्टात गेले, दावे वाढत गेले, आणि सरकारने सगळ्या सुपरहिरोंना नावं बदलून साध्या वस्त्यांत नेऊन ठेवलं. पंधरा वर्षांनी बॉब आपल्याला भेटतो तो विमा कंपनीत. छाती दरवाजाएवढी, टेबल शाळकरी पोराचं वाटावं एवढंसं. गाडीत शिरायचं तर सगळं अंग दुमडायला लागतं. एका संध्याकाळी तो वैतागून गाडीचं दार आपटतो, काच फुटते, आणि त्या रागात अख्खी गाडी डोक्यावर उचलतो. मग लक्षात येतं, समोर तीनचाकी सायकलवर एक पोरगा तोंड वासून बघतोय. गाडी हळूच खाली.

जेवणाच्या टेबलाचा प्रसंग तर मी कितीही वेळा पाहू शकतो. भावंडं जुंपलेली, आई हेलन आपले रबरासारखे हात लांबच लांब ताणून दोघांना धरतेय, बाप टेबल उचलून उभा आहे आणि सगळं घर त्याला लोंबकळतंय. एवढ्यात बेल वाजते. क्षणात सगळे जागच्या जागी, शहाण्यासारखे. दोन खोल्यांत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही. आपल्या घरातलं भांडण किती पेटलं तरी दारावर माणूस आला की गप्प. बर्डला हे कुणी शिकवलं मला माहीत नाही, पण त्याला घर कळतं.

आता ऑफिसचा प्रसंग. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

एक म्हातारी आलेली आहे, तिचा क्लेम नाकारलाय. बॉब मोठ्याने सांगतो, मला काही करता येणार नाही. आणि खालच्या आवाजात सांगतो, कुठल्या मजल्यावर कुणाकडे जायचं, कुठला फॉर्म भरायचा. प्रत्येक वाक्य ‘मी हे सुचवू शकत नाही’ अशा थाटाचं. वर तिला म्हणतो, जाताना दुःखी झाल्याचं नाटक करा. थिएटर हसत होतं. मीही हसलो, पण पोटात कालवलं.

मी स्वतः बरीच वर्षं क्लेमच्या टेबलावर काढली आहेत. कंपनीचं नाव घेत नाही. एकदा एक बाई आल्या, साताऱ्याकडच्या. नवरा गेलेला. पॉलिसी लहानशी. नॉमिनी म्हणून त्याने लग्नाआधी आईचं नाव घातलेलं, आणि आई त्याच्याही आधी वारलेली. साहेबांनी फाइल न उघडताच सांगितलं, कोर्टातून वारस दाखला आणा. कोर्ट म्हणजे वकील, तारखा, फी. हातात यायच्या रकमेतलं उरलं किती असतं? नियमात सोय होती. रक्कम लहान असेल, वारसांत वाद नसेल, तर हमीपत्र लिहून घेऊन, जामीनदार घेऊन, कोर्टाच्या दाखल्याशिवाय पैसे देता येत होते. पण ही सोय मागणाऱ्याला मिळते, आणि ती मागायची असते हे त्या बाईंना सांगणार कोण? मी सांगितलं. अर्ज कसा लिहायचा, कुठल्या टेबलावर द्यायचा, पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही, सगळं. बाईंना पैसे मिळाले आणि मला मेमो मिळाला. ग्राहकाला आतल्या गोष्टी सांगितल्या म्हणून! अहो, पॉलिसी तिच्या नवऱ्याची, हप्ते त्याने भरलेले, मग आतलं काय आणि बाहेरचं काय? तो मेमो मी जपून ठेवलाय आणि माझा राग अजून गेलेला नाही.

हसा, हसा. विम्यात नोकरी केलेले कोण कोण इथे बसलेत ते मला आता बरोबर कळलं.

म्हणून बॉबचा साहेब, तो बुटका हफ, जेव्हा तक्रार करतो की तुझे ग्राहक आपल्या सगळ्या खाचाखोचा शिकून आलेले असतात, तेव्हा मला तो सिनेमातला सगळ्यात खरा खलनायक वाटतो. खिडकीबाहेर एका माणसाला लुटतायत, बॉबला धावायचंय, आणि हफ त्याला नोकरीची धमकी देऊन थांबवतो. पुढे काय होतं तुम्हाला माहीतच आहे. हफ एकामागून एक भिंती फोडत पलीकडे जातो. हा विनोद आहे, आणि त्यात पंधरा वर्षं दाबून ठेवलेली ताकद आहे. भिंती आधी दाखवल्या म्हणून त्या फुटताना बरं वाटतं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? बरं. सुपरहिरोंचे पोशाख शिवणाऱ्या एडनाच्या ‘पाठीवर झगे चालणार नाहीत’ या व्याख्यानाबद्दल बोलणार होतो, ते सोडतो. थेट दुसऱ्या भागावर येतो.

तो पहिल्याच्या शेवटच्या क्षणापासून सुरू होतो. आपली चौदा वर्षं गेली, त्यांचा एक मिनिट नाही. सुरुवातीला हे कुटुंब एका मोटेलच्या खोलीत दाटीवाटीने चायनीज खात बसलेलं आहे, वाद चाललाय, आणि मी खूश होतो. पण लगेच विन्स्टन डेव्हर हा श्रीमंत गृहस्थ त्यांना मोठा बंगला देतो. घरात पाण्याचे पाट, बटण दाबलं की जमीन सरकते. एवढ्या घरात कुणाचा कुणाला धक्काच लागत नाही! हेलनला पोशाख मिळतो, त्यात कॅमेरा, नवी मोटारसायकल, पाठीशी कंपनी. तिचा आगगाडीमागचा पाठलाग फार देखणा आहे, चित्रणात तो पहिल्या भागापेक्षा कितीतरी पुढे आहे. मी श्वास रोखून पाहिला, पण हसलो नाही. पहिल्या भागात हीच हेलन बेटावर एकाच वेळी तीन-चार आपोआप मिटणाऱ्या दारांत अडकते. अंग एका खोलीत, पाय दुसऱ्या, आणि तशातही ती पहारेकऱ्यांना लोळवते. तिथे दारं होती, इथे मोकळं आकाश आहे.

खलनायिका कोण ते लवकर ओळखू येतं. हा सिनेमा आधी २०१९ साठी ठरला होता, ‘टॉय स्टोरी ४’ शी अदलाबदल होऊन तो एक वर्ष अलीकडे आला. ते हरवलेलं वर्ष मला त्या खलनायिकेत दिसतं.

पण जिथे तो घरात शिरतो तिथे जुना दर्जा परत येतो. बॉब घरी पोरं सांभाळतोय आणि डॅशचं गणित त्याला येत नाही. गणित बदललंच कशाला, असा त्याचा त्रागा! मग रात्रभर जागून तो ते शिकतो आणि पहाटे पोराला उठवून समजावतो. हत्तीचं बळ असलेला माणूस आणि पाठ्यपुस्तकाचं एक पान. आणि जॅक-जॅकची परसातल्या रॅकूनशी मारामारी: एक कुंपण, एक कचरापेटी, एक बाळ. बाळात किती शक्ती आहेत हे आपल्याला पहिल्याच्या शेवटापासून माहीत, घरच्यांना पत्ता नाही. सगळ्या आगगाड्यांपेक्षा मला ती दोन-तीन मिनिटं मोठी वाटतात.

धंद्याचं म्हणाल तर पहिल्याने जगभर सुमारे ६३ कोटी डॉलर मिळवले, दुसऱ्याने १२४ कोटी. मला तरीही पहिलाच मोठा वाटतो, आणि त्यासाठी मी कुणाशीही भांडेन. तिसऱ्या भागाचं काम सुरू असल्याचं डिस्नेने २०२४ मध्ये जाहीर केलंय. त्यात बंगला नको. त्यांनी या पाच जणांना परत त्या मोटेलच्या एका खोलीत ठेवावं, आणि दारावरची बेल चालू असावी.