टक्के की पर्सेंटाइल?

नमस्कार, श्रोतेहो. ठाण्यातल्या एका कॉलेजच्या प्रवेश समितीवर मी बरीच वर्षं काम केलं. दर जूनला खिडकीशी हा संवाद ठरलेला. "सर, ९१ आहेत, इंजिनीअरिंगला कुठे लागेल नंबर?" मी विचारायचो, "बारावीचे की सीईटीचे, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचे?" वडील मुलाकडे बघायचे, मुलगा चपलेकडे.

टक्के म्हणजे शंभरातले गुण. पर्सेंटाइल म्हणजे तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण पडलेले शंभरात किती जण. समजा, परीक्षेला एक लाख मुलं बसली. मग ९१ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे जवळपास नऊ हजार उभी! सीईटी अनेक सत्रांत होते, कुणाचा पेपर सोपा निघतो, कुणाचा अवघड, म्हणून तिथे टक्क्यांऐवजी पर्सेंटाइलचा हा खटाटोप. बारावीचे गुण तिथे नुसता उंबरठा: ठरलेल्या तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला ४५ टक्के, राखीवला ४०. तो ओलांडला की पुढची रांग सीईटीची.

बी.ए., बी.कॉम.ला मात्र मुंबई विद्यापीठाच्या बहुतेक कॉलेजांत बारावीच्या टक्क्यांवरच यादी लागते. आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नोंदणी, मग कॉलेजचा अर्ज. हा क्रम विसरणारे दरवर्षी भेटायचे.

दिल्ली विद्यापीठ २०२२ पासून सीयूईटीच्या, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या, गुणांवर प्रवेश देतं. त्याआधी काही अभ्यासक्रमांचा कटऑफ थेट १०० टक्क्यांवर गेला होता. म्हणजे ९९ वाला घरी! आता दोघांचे सीयूईटीचे गुण सारखे आले, की बारावीच्या सर्वांत चांगल्या तीन विषयांची टक्केवारी बघतात. आयआयटीला रँक जेईई ॲडव्हान्स्ड या प्रवेश परीक्षेची, पण खुल्या वर्गाला बारावीत ७५ टक्के हवेत, नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं.

परदेशाचं विचाराल, तर अमेरिकेतली बरीच विद्यापीठं नववीपासूनचे गुण, शिक्षकांची शिफारसपत्रं आणि ६५० शब्दांपर्यंतचा निबंध मागतात. पालक मग प्रमाणपत्रांची फाईल फुगवतात. कराटे, अबॅकस, चित्रकला, सगळं. माझं मत विचाराल तर पाच वर्षं तबल्याला जाणारी मुलगी त्या फाईलवाल्यापेक्षा उजवी ठरते. ब्रिटनमध्ये तर तबलाही फारसा कामाचा नाही. निवडलेल्या विषयाची ओढ आहे का, वर्गाबाहेर त्याचं काय वाचलं, हे तिथे महत्त्वाचं.

आणि एक कागद. ९५ पर्सेंटाइलचा एक मुलगा खुल्या यादीत गेलेला मी पाहिलाय, कारण नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राची, म्हणजे ओबीसी वगैरेंना राखीव जागेसाठी लागणाऱ्या उत्पन्नाच्या अटीच्या दाखल्याची, मुदत संपली होती. घरी आहे म्हणून निर्धास्त राहिले होते बिचारे. प्रमाणपत्र चालू शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध लागतं. कपाटातून काढा आणि खालची तारीख आजच वाचा. नवं करायला बहुतेक जण सेतू केंद्रात जातात, आणि निकालानंतर तिथली रांग कशी असते, ते ठाणेकरांना मी काय सांगू?