बॉडी सुताराची, नाक कंपनीचं

थांबवा. थोडं मागं घ्या. हं, इथंच.

नायिका बैलगाडीत बसून गातेय, तिच्याकडे नंतर बघू. मागं घाटाच्या वळणावर धुरळा उडवत येतोय तो ट्रक बघा. जेमतेम दोन सेकंद दिसतो, मग झाडाआड जातो. चित्रपट कृष्णधवल, प्रिंटवर ओरखड्यांचा पाऊस पडतोय, नंबरप्लेट वाचता येत नाही. जुन्या चित्रपटांतल्या गाड्या ओळखायचा आम्हाला नाद. तर एवढ्यावरून सांगायचं, हा ट्रक कोणता?

बहुतेकांची नजर आधी हौद्याकडे जाते. लाकडी फळ्या, केबिनच्या डोक्यावर कमान, फाळक्यावर रंगवलेली कमळं. आणि फसगत होते ती तिथंच, कारण त्यातलं कंपनीनं काहीच केलेलं नसतं. त्या काळी ट्रक घेतला म्हणजे हातात पडायची चासी, इंजिन, बोनेट आणि समोरचा पत्रा. त्या उघड्या सांगाड्यावर बसून, डोक्याला फडकं गुंडाळून ड्रायव्हर गाडी बॉडीवाल्याकडे आणायचा. पुढचं सगळं तिथल्या सुताराच्या आणि पत्रेवाल्याच्या हातचं. मालक म्हणाला बस कर, की त्याच चासीवर बस. काही वर्षांनी बस थकली, की बॉडी उतरवायची आणि त्याच चाकांवर टँकर चढवायचा.

आपली एसटीच घ्या. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी सुटली. सुरुवातीच्या त्या बसची बॉडी लाकडी, सीटमध्ये काथ्या, वरून निळा आणि रुपेरी रंग. पण त्या रंगाखाली शेवरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट अशा १० कंपन्यांच्या गाड्या धावत होत्या. बाजूनं बघितलं तर सगळ्या बहिणी. समोरून बघितलं, तरच कोण कुठल्या घरची ते कळायचं.

म्हणून आम्ही आधी नाक बघतो. बोनेट, जाळी, दिवे, मडगार्ड. सुतार सहसा तिथं हात घालत नाही.

नाकावर तीन टोकांचा तारा असेल तर काम सोपं. टाटांच्या टेल्कोनं मर्सिडीजवाल्या डाइमलर-बेन्झशी करार केला आणि १९५४ मध्ये जमशेदपूरहून पहिला ट्रक बाहेर पडला. करार १५ वर्षांचा. १९६९ ला तो संपला, तारा गेला आणि टाटांचा टी आला. आता गंमत बघा. तारा दिसला म्हणून चित्रपट १९६९ च्या आधीचा, असं म्हणता येत नाही, कारण हे ट्रक पुढं कितीतरी वर्षं पळत होते. टी दिसला तर मात्र शूटिंग १९६९ च्या आधीचं नाही. नंबरप्लेटवरच्या एमएचचंही तसंच. ती अक्षरं १९८९ च्या नव्या नंबर पद्धतीतली. हल्ली जुन्या काळावरचे चित्रपट निघतात, त्यात नायक १९६२ सालात रडत असतो आणि मागून एमएच नंबरचा ट्रक शांतपणे निघून जातो. आमचं रडणं तिथंच थांबतं.

ट्रक डॉज की फार्गो, यावरून लोक तासन् तास भांडतात. भांडू नये. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समधून येणारा तो एकच ट्रक, बोनेटवरची अक्षरं तेवढी वेगळी. अक्षरं दिसत नसतील तर ‘डॉज किंवा फार्गो’ म्हणायचं आणि पुढं जायचं. पुढं एकच चाक असलेली मालगाडी दिसली तर ती बहुधा हॅन्सीट. बजाज टेम्पोनं १९५८ पासून जर्मन कराराखाली काढलेली. तिच्यामुळंच आपण आजही कुठल्याही छोट्या मालगाडीला टेम्पो म्हणतो.

खरी कसोटी लागते ती मिलिटरीच्या गाड्यांशी. दुसरं महायुद्ध संपल्यावर दोस्त सैन्याच्या गाड्या इथं विकल्या गेल्या आणि ज्या चाकांवर सैनिक बसायचे त्यांवर ऊस, लाकूड, माणसं बसू लागली. त्यात अमेरिकन जीएमसी होत्या, पुढं एक आणि मागं दोन एक्सल, स्टिअरिंग डावीकडं. आणि कॅनडाच्या होत्या. कॅनडानं त्या युद्धात ८ लाखांहून जास्त लष्करी गाड्या बनवल्या. त्यातले हे ट्रक फोर्ड आणि शेवरोले दोघांनी काढले, पण एकाच लष्करी नमुन्यावर. जायचे होते ब्रिटिश आणि राष्ट्रकुलातल्या फौजांकडं, म्हणून स्टिअरिंग उजवीकडं. नाक बसकं, इंजिन अर्धं केबिनमध्ये घुसलेलं. नंतरच्या मॉडेलची समोरची काच वरच्या बाजूनं पुढं झुकलेली असायची, कारण चकाकी वर जाऊन विमानातल्या शत्रूला दिसायला नको.

ही काच ओळखीची सगळ्यात पक्की खूण. पण सुतारानं लोखंडी केबिन काढून लाकडी बसवली, की काच सरळ होते आणि खूण गेली. मग खाली बघायचं. साध्या ट्रकला मागं दोन्ही बाजूंना टायरच्या जोड्या असतात. याला एकेकच, पण भलंमोठं. चारही चाकांना ताकद जाते, म्हणून पुढच्या एक्सललाही डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा, गोळा लोंबतो.

आता आपला ट्रक. एकेक फ्रेम पुढं घ्या. ड्रायव्हरचा हात उजव्या खिडकीतून बाहेर आलाय, म्हणजे जीएमसी नाही. काच सरळ, वर लाकडी कमान. नाक बसकं. अजून एक फ्रेम. वळताना मागचं चाक दिसतंय, एकच टायर, हौद्याच्या फळीला भिडलेलं.

कॅनडा. मिलिटरी. नंतर कुठल्यातरी सुताराचा.

चालवा पुढं. गाण्याची अजून दोन कडवी बाकी आहेत.