उभं कुठे राहायचं?

आधी एक हिशोब मांडू. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या प्रयोगशाळेत २०१४ साली ९ सेंटिमीटरच्या बारीक नळीत प्लाझ्मा, म्हणजे ज्यातले इलेक्ट्रॉन सुटे झालेत असा वायू, भरून त्यातून लेसरचा स्पंद सोडला. होडीमागे लाट उठावी तशी त्याच्यामागे प्लाझ्मात लाट उठली. तिच्यावर स्वार झालेल्या इलेक्ट्रॉनांना ४.२ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळाली. नेहमीच्या त्वरकाला, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्राला, एवढ्यासाठी शंभर-दोनशे मीटर तरी लागतात.

हेच कंप्युटरवर करायचं तर? लेसरची तरंगलांबी साधारण ०.८ मायक्रॉन. कंप्युटर जागेची बारीक घरांची जाळी करतो; एका तरंगाला तिची वीस घरं धरली, तर एक घर ०.०४ मायक्रॉनचं. म्हणजे पावलाला एक घर धरून ९ सेंटिमीटर चालायला साडेबावीस लाख पावलं! आणि प्रत्येक पावलाला तीच फेरी: कणांच्या हालचालीतून जाळीवर विद्युतप्रवाह मांडायचा, मॅक्सवेलच्या समीकरणांनी विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं काढायची, ती कणांपाशी आणायची, कण पुढे ढकलायचे. खरे इलेक्ट्रॉन अगणित, म्हणून हजारो-लाखोंच्या मागे एकच कण धरतात. वारीत माणसं मोजण्याऐवजी दिंडीमागे एक वीणेकरी मोजावा, तसं. तरीही त्रिमितीत हा हिशोब महासंगणकालाही घाम फोडतो.

या विषयाशी कंप्युटरचं नातं पहिल्यापासूनचं आहे. ताजिमा आणि डॉसन यांनी १९७९ साली लेसरमागच्या लाटेवर इलेक्ट्रॉन पळवायची ही कल्पना मांडली, तेव्हा त्याच निबंधात कंप्युटरवरचा पडताळाही होता. पण मला सगळ्यांत मोह पडतो तो २००७ सालच्या एका युक्तीचा.

बर्कलीच्याच झां-ल्यूक व्हे यांनी विचारलं: आपण नळीपाशीच उभं राहून का बघायचं? लेसरच्या दिशेने, प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावत बघितलं तर? मग आइन्स्टाइनचं सापेक्षतेचं गणित आपल्या बाजूने येतं. त्या वेगाला लांबी किती पटींनी आखडते तो आकडा म्हणजे गॅमा; तो दहा धरा. नळी दहापट आखडते, ९ सेंटिमीटरची ९ मिलिमीटर होते. आणि दूर जाणाऱ्या गाडीची शिट्टी जशी खाली उतरते, तशी लेसरची तरंगलांबी जवळजवळ वीसपट ताणली जाते. लहान गोष्ट मोठी झाली, मोठी लहान झाली! पावलं शेकडो पटींनी घटतात. भौतिकी तीच, यंत्र तेच, फक्त बघणाऱ्याची जागा बदलली.

पण धावणाऱ्याला आता सगळा प्लाझ्मा समोरून अंगावर येताना दिसतो, तोही जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने. इथे जाळी दगा देते. नेहमीच्या पद्धतीत जाळीवरचा प्रकाश, विशेषतः आखूड तरंगांचा, खऱ्या प्रकाशापेक्षा किंचित मंद चालतो. कण त्याला मागे टाकतात. तुर्भ्याच्या अप्सरा अणुभट्टीच्या पाण्यात जो निळा उजेड दिसायचा, त्याचं कारण हेच: पाण्यात प्रकाश मंदावतो आणि इलेक्ट्रॉन त्याच्यापुढे जातात. तो चेरेन्कोव्ह उजेड खरा होता, जाळीवरचा मात्र निव्वळ हिशोबातून जन्मलेला. तो वाढत जातो आणि बघता बघता सगळी लाट गिळून टाकतो.

उपाय निघाले. कुणी आखूड तरंग गाळून टाकले. कुणी क्षेत्रं फूरियेच्या रूपात, म्हणजे वेगवेगळ्या लांबीच्या तरंगांची बेरीज म्हणून, सोडवली; मग निर्वातातला प्रकाश जाळीवरही आपल्या खऱ्या वेगाने चालतो. तरीही माझा आग्रह असतो की आधी एक आखूड नळी घ्या, उभं राहूनही सोडवा, धावतही सोडवा. धावत मिळालेलं उत्तर उलटं फिरवून प्रयोगशाळेच्या चौकटीत आणा आणि दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवा. ते जुळले, की मगच लांब नळीला हात घाला.