पगाराची स्लिप

सकाळचे पावणेनऊ, नागपूरचं सीताबर्डी इंटरचेंज. खापरीकडे जाणाऱ्या मेट्रोसाठी पांढरी काठी घेऊन उभी आहे ना, आज दिवसभर आपण तिच्याच मागे फिरणार आहोत. नाव घेऊ नका म्हणाली, मग ताईच म्हणू. पायाखाली ही पिवळी उंचवट्याची फरशी दिसतेय? आपण तिच्यावरून बॅगा ओढतो, ताईचा मात्र तोच रस्ता, आणि स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकलं की हा रस्ता संपतो, पुढे फुटपाथवर गाड्या, ठेले आणि ऑटोवाल्यांचा गराडा.

मिहानमधलं, म्हणजे विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या भागातलं ऑफिस. लॅपटॉप चालू, स्क्रीन काळी. "मला काय करायची स्क्रीन, बॅटरी तरी वाचते." कानात एनव्हीडीए, फुकट मिळणारा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, तो इतका सुसाट बोलतो की आम्ही हेडफोन लावून पाहिला तर एक शब्द कळला नाही. ती तेवढ्यात मेलला उत्तर टाकून मोकळी!

याआधी एका ठिकाणी टेस्ट पास झाली होती, इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न काय, तर "डबा खायला मदत लागते का?" दुसरा प्रश्न आलाच नाही.

तसा 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले, सरकारी नोकरीतलं आरक्षण 3 वरून 4 टक्के झालं. खासगी कंपनीला आरक्षणाची सक्ती नाही, पण समान संधीचं धोरण लिहून जाहीर करावंच लागतं, आणि 20 किंवा जास्त माणसं असली की दिव्यांगांसाठी कोणत्या पोस्ट, निवड कशी, सोयी काय, त्यांची भरती आणि सोयी बघणारा लायझन ऑफिसर कोण, हे सगळं त्यात यायला पाहिजे. तुमच्या ऑफिसात असा कागद आहे का, उद्या एचआरला विचारून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो.

या ऑफिसातही सुरुवातीला घोळच होता. पगाराची स्लिप यायची ती स्कॅन केलेला फोटो, आणि फोटो म्हटलं की स्क्रीन रीडर म्हणतो, रिकामं डॉक्युमेंट. मग शेजारची मैत्रीण वाचून दाखवायची, बेसिक एवढा, पीएफ एवढा, हळू वाचलं तरी मागच्या दोन टेबलांना ऐकू जायचं. आठ महिने असं चाललं. मधे 3 डिसेंबर आला, दिव्यांग दिनाचं गुलाबाचं फूलही मिळालं, फक्त कार्यक्रमाचं आमंत्रण फोटोतच होतं.

मग एचआरमध्ये एक नवीन पोरगा आला आणि त्यानं सरळ विचारलं, ताई, तुम्हाला काय काय लागतं? तिनं तीन गोष्टी सांगितल्या. स्लिप टेक्स्टमध्ये द्या, ग्रुपवर पोस्टर टाकलं तर खाली दोन ओळी लिहा, आणि येण्याजाण्याच्या वाटेत खुर्च्या सोडून जाऊ नका. खर्च शून्य. पलीकडच्या टीममधल्या दादाला ऐकू येत नाही, ओठांवरून समजून घेतो, त्यालाही त्यानं विचारलं, तर म्हणणं काय, बोलताना तोंडासमोर मोबाईल धरू नका.

महिन्याची एक तारीख आहे आज. स्लिप आली, ताईनं हेडफोन नीट बसवला, पाच सेकंद ऐकलं, हसली. किती आला, आम्ही विचारलं.

"तुम्हाला काहून सांगू?"