गाणं पाठ, सिनेमा राहिलाच

(काळा पडदा. फक्त गाणं ऐकू येतं.)

'कशाला उद्याची बात...' घरात हे गाणं लागलं की कुणी ना कुणी पुढची ओळ गुणगुणतंच. पण ते ज्यात आहे तो 'माणूस' पाहिलाय का, असं विचारलं की बहुतेक जण गप्प होतात. कित्येक वर्षं मीही त्यांच्यातलाच होतो.

'माणूस' 1939 चा. पुण्याच्या प्रभात कंपनीचा, दिग्दर्शक व्ही. शांताराम. एरवी कृष्ण म्हणून ओळखले जाणारे शाहू मोडक इथे पोलीस शिपाई गणपत आहेत, आणि शांता हुबळीकर आहेत वेश्या मैना. मैना हे गाणं गिऱ्हाइकांसमोर म्हणते. समोर ज्या भाषेचा माणूस, त्या भाषेत कडवं. रेडिओवर ऐकताना आपल्याला त्यात मजेदार बेफिकिरी जाणवते. पडद्यावर कळतं की ती बेफिकिरी हा तिच्या पोटापाण्याचा भाग आहे. त्यानंतर ते गाणं मला पूर्वीसारखं ऐकताच आलेलं नाही.

(भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ. टिक्... टिक्...)

आता 1937 चा 'कुंकू', तोही प्रभातचा आणि शांतारामांचाच. पहिल्यांदा मी तो जेवता जेवता मोबाइलवर लावला आणि वीस मिनिटांत बंद केला. स्वयंपाकघरात मिक्सर चालू, चित्रपटाचा आवाज खरखरीत. पुढे एका रात्री दिवे मालवून, हेडफोन लावून पुन्हा बसलो, तेव्हा लक्षात आलं की या चित्रपटाला पार्श्वसंगीतच नाही! रडू यावं म्हणून सारंगी नाही, दचकावं म्हणून झांज नाही. कानावर येतात ते घरातले आणि रस्त्यावरचे आवाज. आणि ते घड्याळ.

नीराचं लग्न फसवून एका म्हाताऱ्या विधुराशी, काकासाहेबांशी लावलंय. ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते. तिला माहेर नाही, पैसा नाही, कायद्याचा आधार नाही. आहे तो फक्त हा नकार. अशा घरात रात्री घड्याळाचे टोले पडतात, तेव्हा त्या म्हाताऱ्याचं सरत आलेलं वय आणि त्या मुलीचं वाया चाललेलं वय दोन्ही एकदम ऐकू येतं. संगीत असतं तर हे झाकलं गेलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

नीरा झालेल्या शांता आपटे प्रत्यक्षातही तशाच बाण्याच्या. 1939 मध्ये कंपनीशी वाद झाला, तेव्हा त्या प्रभातच्याच दारात उपोषणाला बसल्या होत्या.

(फिल्म इन्स्टिट्यूटचं आवार. झाडं, जुना स्टुडिओ.)

ते दार आजही आहे. प्रभातचा स्टुडिओ म्हणजे आताची पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट. जानेवारी 2003 मध्ये इथल्या गोदामाला आग लागली आणि नायट्रेटच्या, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या, जुन्या फिती भस्म झाल्या. नायट्रेट एकदा पेटलं की पाण्यालाही दाद देत नाही. बऱ्याच फितींच्या प्रती आधीच काढून ठेवल्या होत्या, म्हणून निदान तेवढं हाती उरलं. चित्र कुठे पुसट झालं, एखादी रेघ सरसर खाली गेली, तर एवढं लक्षात असू द्या.

('लखलख चंदेरी'चे सूर. हातात दिवट्या घेऊन नाचणारं गाव.)

हेही गाणं पाठ असेल. चित्रपट शांतारामांचाच 'शेजारी', 1941. जिवबा पाटील आणि मिर्झा, बुद्धिबळ खेळणारे दोन म्हातारे मित्र. धरणासाठी जमिनी हव्या असतात, म्हणून दोघांत वितुष्ट पेरलं जातं. शेवट सांगत नाही. मिर्झा गजानन जागीरदारांनी केलाय. याच्याच हिंदी आवृत्तीत, 'पडोसी'तही मिर्झा तेच, आणि त्यांच्यासमोर हिंदू मित्राच्या भूमिकेत मझहर खान. मुसलमानाची भूमिका हिंदू नटाकडे आणि हिंदूची मुसलमान नटाकडे, तीही 1941 साली, हे शांतारामांनी विचारपूर्वकच केलं असणार.

आणि मराठीतला जिवबा? केशवराव दाते. 'कुंकू'तले काकासाहेबही तेच. म्हणून सांगतो, हे दोन चित्रपट लागोपाठच्या दोन रात्री पाहा. आदल्या रात्री ज्याचा संताप संताप आला, तोच माणूस दुसऱ्या रात्री मित्रासमोर पट मांडून बसलेला दिसेल.