कास्पर डाव्हिड फ्रीडरिश : रिकाम्या क्षितिजाचा चित्रकार

श्रोतेहो, नमस्कार. निसर्गचित्र म्हटले की डोंगर, झाडी, नदी, वाटेवरची माणसे असे भरगच्च दृश्य आपल्या डोळ्यांपुढे येते. आज ज्या जर्मन चित्रकाराविषयी मी बोलणार आहे, त्याचे मोठेपण मला त्याने चित्रातून जे काढून टाकले त्यात दिसते.

कास्पर डाव्हिड फ्रीडरिश यांचा जन्म ५ सप्टेंबर १७७४ रोजी बाल्टिक समुद्राजवळच्या ग्राइफ्सवाल्ड या गावी झाला. हे गाव तेव्हा स्वीडनच्या अमलाखाली होते. वडील साबण आणि मेणबत्त्या तयार करीत. १७८१ मध्ये आई वारली आणि १७८७ मध्ये धाकटा भाऊ त्यांच्या डोळ्यांदेखत बुडून मरण पावला. कोपनहेगनच्या अकादमीत शिक्षण घेऊन १७९८ मध्ये ते ड्रेस्डेनला आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

खडक, वृक्ष, ढग यांची रेखाटने ते निसर्गात बसून अतिशय काटेकोरपणे करीत. चित्र मात्र जवळजवळ उघड्याबोडक्या कार्यशाळेत आकाराला येई. चित्रकाराला स्वतःच्या अंतरंगात काहीच दिसत नसेल, तर त्याने समोरचेही रंगवू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

‘समुद्रकाठचा संन्यासी’ हे त्यांचे चित्र १८१० मध्ये बर्लिनच्या अकादमीत मांडले गेले. पायाशी फिकट वाळूची पट्टी, त्यापलीकडे काळपट समुद्राची अरुंद रेघ, वर अफाट आकाश आणि या साऱ्यात आपल्याकडे पाठ करून उभा असलेला एकच इवलासा माणूस, एवढेच त्यात आहे. या समुद्रावर त्यांनी आधी जहाजे रेखाटली होती आणि नंतर ती रंगाखाली बुजवली, हे पुढे अवरक्त किरणांच्या तपासणीतून उघड झाले. नजरेला टेकायला जागाच उरू नये म्हणून केलेला हा त्याग मला त्यांच्या कलेतील सर्वांत धाडसी निर्णय वाटतो. हे चित्र पाहताना आपल्या पापण्याच कापून टाकल्यासारखे वाटते, असे लेखक हाइनरिश फॉन क्लाइस्ट यांनी तेव्हाच लिहिले. प्रशियाच्या राजाने ते विकत घेतले.

पुढे अभिरुची पालटली. १८२३-२४ मधील ‘हिमसागर’ या चित्रात फुटलेल्या हिमखंडांचा टोकदार ढीग आकाशात चढत जातो आणि त्याखाली चिरडलेले जहाज प्रथम लक्षातही येत नाही. एल्बे नदीतल्या गोठलेल्या बर्फाचे त्यांनी आधी बारकाईने अभ्यासचित्रण केले होते. तरीही हे चित्र त्यांच्या हयातीत विकले गेले नाही. १८३५ मध्ये पक्षाघाताचा झटका आल्यावर तैलचित्रण जवळपास थांबले, आणि ७ मे १८४० रोजी ड्रेस्डेनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांचे नॉर्वेजियन स्नेही आणि त्याच घरात राहणारे चित्रकार योहान क्रिस्टियान डाल यांनी ‘हिमसागर’ विकत घेतले. आज ते हॅम्बुर्गच्या कलासंग्रहालयात आहे. जवळजवळ विस्मरणात गेलेल्या या चित्रकाराकडे जर्मनीचे लक्ष पुन्हा वळले, ते बर्लिनमधील १९०६ च्या मोठ्या प्रदर्शनामुळे.